‘तांत्रिक कारण’ न सांगणाऱ्या बाई

दुपारी बहिणीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि सकाळपासून इंटरनेट बंद. मी भांडायलाच आमच्या गढा भागातल्या इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून ग्राहकांसाठी निरोप रेकॉर्ड करत होत्या, “आमच्याच माणसानं चुकीची केबल कापली. संध्याकाळपर्यंत नेट येणार नाही. जरुरी काम असेल तर दुसरीकडे सोय करा.”

मागून मालक वैतागला, “दीदी, तांत्रिक कारण म्हणा ना. आपली चूक काहून सांगून राहिल्या?”

“तसं म्हटलं की लोक वाट पाहत बसतात, भैया,” म्हणत त्यांनी निरोप पाठवून दिला.

मी न भांडता बहिणीला तिच्या मैत्रिणीकडे पिटाळलं, तिथे नेट दुसऱ्या कंपनीचं होतं. मुलाखत झाली.

शहरातल्या ज्या सरकारी खिडकीवर ‘तांत्रिक कारण’ चिकटवलंय, तिथे या बाईंना बसवा. माझी एवढीच मागणी आहे.