बोकडाचं दिल आणि दोन मुठी मीठ

माझी बायको कल्पिता दर गुरुवारी बाळकुमच्या मटणवाल्याकडून बोकडाची दोन दिलं, म्हणजे हृदयं, आणते आणि त्यांचं कालवण करत नाही. आता बोला! वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत ती लॅब टेक्निशियन आहे. सोनोग्राफीत असतो ना, तसला कानाला ऐकू न येणारा आवाज ती त्या मांसातून सोडते आणि तो किती वेगानं गेला, किती विरला, ते मोजते. दुखावलेल्या स्नायूतून आवाज वेगळा जातो म्हणे. तीन वर्षांपूर्वी माझ्या बाबांना, म्हणजे धाकू पाटलांना, अटॅक आला, तेव्हापासून हे खूळ तिच्या डोक्यात शिरलंय. मी टेम्पो चालवतो. मला इंजिनाचा आवाज कळतो, तेवढं पुरे.

मागच्या महिन्यात तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. शुक्रवारी कंपनीचे प्रभाकर सर आणि हृदयाच्या डॉक्टर रचना मॅडम चाचणी बघणार होते. पटली तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. लॅबचा फ्रीज नेमका तेव्हाच बिघडला. म्हणून गुरुवारी तिनं दोन दिलं दोन डब्यांत, मोजूनमापून केलेल्या सौम्य मिठाच्या पाण्यात बुडवून घरच्या फ्रीजमध्ये ठेवली. एक डबा पुढे, एक इडलीच्या पिठामागे. "हात लावलास तर बघ, कमलेश!" मला दम. मलाच! बाबांना सांगायचं मात्र राहून गेलं.

शुक्रवारी डबे माझ्याच टेम्पोतून गेले, म्हणून मीही लॅबच्या दाराशी उभा. अशा मांसातून आवाज सेकंदाला साडेपंधराशे मीटरच्या आसपास धावतो, हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. पहिल्या दिलाचा आकडा आला सव्वासोळाशे. परत मोजलं, परत तेच. दुसरं दिल मोजलं तर ते शहाण्यासारखं साडेपंधराशेवर.

प्रभाकर सर खुर्चीतून उडालेच. "अगं, हे काहीतरी नवीन आहे! कल्पिता, तू कमाल केलीस!"

नोकरी पक्की! मी मनात म्हणतोय, बाई, आता गप्प बस, देवासाठी गप्प बस. पण आमची बाई कसली गप्प बसतेय! तिनं पहिल्या डब्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि सगळ्यांदेखत चाटलं.

"शी! अगं काय करतेस!" रचना मॅडम किंचाळल्या.

"खारट ढोण," कल्पिता म्हणाली. "सर, हा शोध नाही. हे माझे सासरे आहेत."

मी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. बाबांनी उभी हयात मिठागरात काढलेली. "आरं, त्या पान्यान मीठच नव्हता!" बाबा ओरडले. "मांस नासला आसता ना! मी टाकला दोन मुठी, चांगला खडा मीठ. दुसरा डबा दिसला नाय, नायतर त्यान पन टाकला आसता!"

लॅबमध्ये जो हशा उसळला! मॅडमनी हसता हसता टेबल धरलं. सर आधी फुगले, मग तेही हसत सुटले. कल्पिता मात्र रडवेली. मला वाटलं, गेली नोकरी.

मग मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "थांबा. मीठ लागलं की मांस आवळतं, बदलतं. आणि बदललेलं मांस यंत्राला ओळखता येतं की नाही, हेच तर बघायला मी आले होते!" त्यांनी दोन्ही दिलांचे दहा तुकडे केले, कल्पिताला पाठ करून उभं केलं आणि मनाला येईल तसे एकेक करून यंत्रात ठेवले. सर आकडे वाचत गेले आणि ती नुसत्या आकड्यांवरून सांगत गेली, खारं, साधं, साधं, खारं. दहाच्या दहा बरोबर! मी शिट्टी मारली.

सोमवारी पक्क्या नोकरीचं पत्र आलं. पेढे द्यायला आम्ही बाबांना घेऊन मॅडमच्या दवाखान्यात गेलो, तर त्यांनी बाबांनाच टेबलावर घेतलं आणि छातीवर गार जेल लावलं. पडद्यावर बाबांचं हृदय धडधडायला लागलं. बाबा हरखून बघत राहिले. मॅडम छातीवरून यंत्र पुन्हा पुन्हा फिरवू लागल्या. कल्पितानं माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

शेवटी बाबांनीच विचारलं, "गो पोरी, मीठ बराबर हाय ना?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी मान डोलावली.

"बराबर हाय, बाबा," कल्पिता म्हणाली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, हसता हसता रडायला लागली.