जावईबापूंचा आग्नेय कोपरा

देवदत्त ओगले याला लखनौच्या पोटातलं सगळं दिसतं, पण स्वतःच्या कपाटातला टॉवेल दिसत नाही. हे त्याच्या बायकोचं, म्हणजे अनघाचं मत आहे, आणि वृंदावन योजना नावाच्या त्यांच्या वसाहतीतल्या गल्लीत त्याला अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

देवदत्त मूळचा साताऱ्याचा. न खणता जमिनीत काय आहे ते सांगायची विद्या शिकला, एका खाजगी सर्वेक्षण कंपनीच्या नोकरीवर लखनौला आला आणि इथलाच होऊन गेला. कुठेही रस्ता खणायचा ठरला की आधी देवदत्तने जायचं. बाबागाडीसारखी एक गाडी असते, तिच्या पोटात रडार असतं, ती ढकलत चालायचं. रडारच्या लहरी जमिनीत उतरतात, खाली पाइप किंवा केबल असली की तिच्यावर आपटून परत येतात, आणि पडद्यावर एक कमान उमटते, ताटात वाटी पालथी घातल्यासारखी. वाटी दिसली की रस्त्यावर रंगाची खूण करायची. मग जेसीबीवाल्याने तेवढी जागा सोडून काय तो धुडगूस घालायचा.

काम साधं, पण लखनौत ते कुणाला पटवणं महाकठीण. लोक आधी गाडीत डोकावतात आणि आत बाळ नाही म्हटल्यावर संशय घेतात. जमिनीखाली नबाबाच्या मोहरा नाहीत असं मानणारा माणूस या शहरात देवदत्तला अजून भेटायचाय. "पाइप ढूँढ रहे हैं," असं तो जितक्या खरेपणाने सांगतो, तितकी समोरच्याची खात्री होते की हा लपवतोय. बख्शी का तालाब नावाच्या गावाकडे एका शेतकऱ्याने त्याला चहा पाजला, पेरू खायला घातले आणि कानाशी येऊन सांगितलं, "साहब, निकले तो आधा आपका." निघाला तो बोअरचा तुटका पाइप. भला माणूस, त्याने त्यातलाही अर्धा देऊ केला.

असा हा देवदत्त एका शनिवारी संध्याकाळी सोफ्यावर लोळत पडला होता. सोफ्यावर म्हणजे डब्यांच्या आणि बरण्यांच्या मध्ये. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल धरली होती. सिंकखालचा पाइप बदलायला फरशी फोडावी लागणार होती, आणि इदरीस मिस्त्री सोमवारी सकाळी फोडायचं मशीन घेऊन येणार होता. म्हणून अनघाने सगळं स्वयंपाकघर हॉलमध्ये आणून मांडलं होतं. शेवटची बरणी उचलून झाली आणि आतून तिची हाक आली, "देवदत्त! अरे, वास्तुपुरुष!"

घर बांधलं तेव्हा वास्तुशांत आपल्या पद्धतीने व्हावी म्हणून झाशीहून मराठी गुरुजी आणले होते, आणि मिरजेहून अनघाचे वडील, अप्पा गोगटे आले होते. अंगठ्याएवढी चांदीची वास्तुप्रतिमा, मातीच्या बोळक्यात, पालथी, घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. अप्पांनी ती आपल्या हाताने ठेवली. तेव्हा वेदांत रांगत होता आणि फरशी बसायची होती. ती बसेपर्यंत अप्पा मुक्काम करून राहिले. ते त्यांचं लखनौला शेवटचं येणं. पुढे गुडघे गेले, मग डोळे, आणि मग अप्पाच गेले. अनघा सणावाराला स्वयंपाकघराच्या त्या कोपऱ्यात नैवेद्य ठेवायची, आणि ठेवताना अप्पांशी थोडं बोलूनही घ्यायची.

"परवा इदरीसभाई मशीन लावणार," ती म्हणाली. "अप्पांच्या हातचं ते. त्याचा भुगा झाला तर मला या घरात अन्न गोड लागणार नाही. लोकांचे पाइप शोधतोस ना लखनौभर? मला एवढं शोधून दे."

तिचे डोळे भरून आले होते. देवदत्तला टॉवेलवरून एक विनोद सुचला होता, तो त्याने गिळला.

रविवारी सकाळी त्याने ऑफिसमधून छोटं रडार आणलं. हे इस्त्रीएवढं असतं आणि इस्त्रीसारखंच फिरवायचं असतं. देवदत्त गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघराच्या फरशीला इस्त्री करू लागला. शेजारचे बाजपेयीजी दारात हजर झाले. यंत्र घरात शिरताना त्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात काय आलं असेल ते सांगायला नको.

"हम तो बस यूँ ही, चीनी माँगने आए थे," ते म्हणाले आणि साखर न घेता स्टुलावर बसले.

सिंककडे माती ओली होती. ओलीत रडार आंधळं होतं, पडद्यावर नुसतं पिठलं दिसतं. पण कोपऱ्यात माती कोरडी होती. तिथलं चित्र आरशासारखं स्वच्छ आलं, आणि त्या स्वच्छ चित्रात कुणीच नव्हतं. देवदत्तने उभं फिरवलं, आडवं फिरवलं. वाटी नाही, वाटीचा तुकडा नाही.

"बॅटरी असेल," अनघा म्हणाली.

"बॅटरी फुल है, मम्मी," वेदांत म्हणाला. हे चिरंजीव आता अकरावीत आहेत. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं.

आणि तिथे, गुडघ्यांवर बसल्या बसल्या, देवदत्तचा फिरता हात थांबला. कारण हा कोपरा त्यानेच दाखवला होता.

वास्तुशांतीच्या दिवशी गुरुजींनी विचारलं होतं, "आग्नेय कुठली?" आणि सूर्य बघायला ते अंगणात निघाले होते. देवदत्तने त्यांना अडवलं. घरात दिशांचा माणूस असताना सूर्याला कशाला त्रास? त्याने ऐटीत होकायंत्र काढलं, रडारच्या पेटीवर ठेवलं आणि हाच कोपरा दाखवला. अप्पा हळूच म्हणाले होते, "जावईबापू, सकाळी सूर्य त्या अंगाने वर आल्यासारखा वाटला, नाही?" त्यावर देवदत्तने सासऱ्यांना चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतला फरक समजावून दिला होता, चांगला घोळवून घोळवून. अप्पा सगळं ऐकून म्हणाले होते, "ते तर आहेच."

गोगट्यांच्या घरात जावयाला उलट उत्तर देत नाहीत. जावई म्हणाला मीठ गोड आहे, तर गोगटे दुसऱ्यांदा वाढून घेतात.

पुढे दर फोनवर अप्पा विचारायचे, "काय जावईबापू, वास्तू मानवली ना?" आणि देवदत्त छाती फुगवून म्हणायचा, "मानवणारच! दिशा मी काढली होती." पलीकडून शांतपणे यायचं, "ते तर आहेच."

आता त्याला आठवलं की रडारची ती पेटी लोखंडी होती. होकायंत्र कुणीही लोखंडावर ठेवत नाही. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा ठेवत नाहीत. दिशा चुकली ती चुकली, पण प्रतिमा तरी इथे असायला हवी होती, आणि ती नव्हती.

"इथे नाहीये," तो म्हणाला. "मला वाटतं, सापडणार नाही."

"घरात असं बोलू नये," अनघा दचकून म्हणाली. "वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो."

"कुठून म्हणेल? तोच तर सापडत नाहीये!"

मग त्याने सगळं घर पालथं घातलं. पलंग ओढले, सोफा ढकलला, बरण्या पुन्हा हलवल्या. बाथरूमच्या बोळात एक छान कमान उमटली. देवदत्तने खडूने फुली मारली, वेदांतने छिन्नीने फरशी उचकटली, बाजपेयीजींनी हनुमानाचं नाव घेतलं, आणि निघालं ते फुटक्या बादलीचं कडं. बाजपेयीजींनी ते उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मन घट्ट करून परत दिलं.

दुपारची भूक लागली तरी चूल कुठे होती ते कुणाला आठवत नव्हतं. देवदत्त भिंतीला टेकून बसला. खरं सांगून टाकावं, असं त्याला वाटत होतं, आणि सांगवत नव्हतं. शेवटी तो अनघाकडे न बघता म्हणाला, "ऐक ना. तो कोपरा... बहुतेक आग्नेय नाहीये."

"माहीत आहे," अनघा म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"अरे, त्या खिडकीतून रोज सूर्य मावळतो. रोज संध्याकाळी भाजी चिरताना माझ्या डोळ्यांवर ऊन येतं. आग्नेयेला सूर्य मावळतो का?"

देवदत्तचं तोंड उघडं राहिलं. "मग इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"अप्पांनी सांगितलं होतं, बोलायचं नाही. जावयाने चार माणसांत दाखवलेली दिशा आहे." ती म्हणता म्हणता थांबली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "देवदत्त, अप्पा फरशी बसेपर्यंत राहिले होते. तू दिवसभर ऑफिसला, मी वेदांतला घेऊन डॉक्टरकडे. घरात ते आणि गवंडी, दोघंच." ती ताडकन उठली. "खरा आग्नेय कोपरा कुठला रे?"

या वेळी देवदत्तने होकायंत्र काढलं नाही. तो अंगणात गेला, सकाळी सूर्य कुठून येतो ते आठवून पाहिलं आणि आत येऊन बोट दाखवलं. त्या कोपऱ्यात चपलांचं कपाट होतं.

"मतलब भगवानजी के ऊपर इतने साल हमारे जूते थे?" वेदांत म्हणाला. अनघाने कानांना हात लावले.

कपाट बाजूला झालं. देवदत्तने इस्त्री फिरवली, आणि पडद्यावर वाटी उमटली. अशी ठसठशीत, अशी घोटीव वाटी त्याने हजरतगंजच्या मोठमोठ्या पाइपांवरही पाहिली नव्हती. आडवं फिरवलं, पुन्हा वाटी. पण अंगठ्याएवढ्या चांदीच्या मानाने ती फार मोठी होती.

"बड़ा माल है," बाजपेयीजी कुजबुजले आणि स्टुलावरून खाली आले.

फरशी उचलली. शेवटची माती अनघाने कुणाला काढू दिली नाही, हाताने काढली. आधी पिवळं गोल बूड दिसलं. मग सगळा वर आला: पालथा घातलेला पितळी तांब्या. त्याखाली मातीचं बोळकं, आणि बोळक्यात वास्तुपुरुष, अखंड, पालथा, अंगावर धुळीचा कण नाही. तांब्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं होतं: म. वि. गोगटे, मिरज.

अनघा मटकन खाली बसली. हा अप्पांचा प्रवासातला तांब्या. परत जाताना गाडीत हरवला, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि ती त्यांना केवढी बोलली होती! "आईची आठवण होती ती, एवढं जपता आलं नाही तुम्हाला?" अप्पांनी सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. ती रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली.

देवदत्तला काय करावं कळेना. सासऱ्यांनी त्याची चूक निस्तरली, वर झाकण घातलं आणि त्या झाकणापायी मुलीची बोलणीही खाल्ली. आणि त्यानंतर दर फोनवर त्याची फुशारकी ऐकून घेतली. त्याला अप्पांची इतकी आठवण ते गेले तेव्हाही आली नव्हती.

"तांब्या तुझ्याकडे ठेवून घे," तो म्हणाला.

"नाही. अप्पांनी झाकून ठेवलंय, मी कशी उघडं टाकू?" अनघाने बोळकं होतं तिथे ठेवलं आणि तांब्या होता तसा त्याच्यावर पालथा घातला.

खजिना एवढाच, हे बाजपेयीजींना हळूहळू पटलं. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि समजूतदारपणे म्हणाले, "तो यही है आप लोगों का आग्नेय कोण! दिशा तो भाईसाहब ने ही निकाली होगी? इसी लाइन के आदमी हैं."

देवदत्तने खरं सांगायला तोंड उघडलं. पण अनघा तांब्यावर माती लोटत होती, तिने मान वर न करता आधीच उत्तर दिलं.

"वो तो है ही," ती म्हणाली, अगदी अप्पांच्या आवाजात.

चपलांचं कपाट अंगणात नेऊन ठेवायला देवदत्त एकटाच उठला.