मावशीचा इंग्रजीचा पेपर

मी माणूस तापट, आणि त्यात शिकवणारी, म्हणजे दोन्हीकडून अवघड. आमची संस्था छोटी आहे. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ज्या बायका आपल्या घरातच पाळणाघर चालवतात त्यांना आम्ही प्रशिक्षण देतो, खेळणी पुरवतो आणि कामाला जाणाऱ्या आयांची त्यांच्याशी गाठ घालून देतो. मुलांना काय भरवावं, कसं झोपवावं, बागुलबुवाची भीती का दाखवू नये, हे मी कित्येक वर्षं फळ्यावर लिहून सांगते आहे. माझा फळा फार सुंदर असतो.

काटेवाडीची मावशी माझ्या वर्गात कायम मागच्या रांगेत बसायची. वय पस्तिशीच्या आसपास. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, आणि त्यात सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत सहा मुलं. कुणाची आई कपड्यांच्या कारखान्यात, कुणाची डाळिंबाच्या पॅकिंगला, एकीची बँकेत. मुलं तिला मावशी म्हणतात म्हणून आयाही मावशी म्हणतात, आणि त्यांच्या नादानं मीही.

या मावशीला दहावी व्हायचं होतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसली होती. बाकीचे विषय घरून निरोप येत असतानाही कसेबसे लिहून सुटले, इंग्रजी राहिलं; आणि तेही येत नव्हतं म्हणून नाही. मागच्या खेपेला तिनं मुलांपाशी सासूला बसवलं होतं. पेपर सुरू होऊन तास झाला असेल नसेल, सासूबाई घाबरल्या आणि त्यांनी आपल्या मुलाला, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, फोन लावला, की पोरं रडायची थांबत नाहीत. तो परीक्षेच्या शाळेबाहेर गाडी घेऊन उभाच होता. त्यानं आत निरोप धाडला, आणि ही अर्धा पेपर टाकून घरी आली.

हे कळलं तेव्हा माझा पारा चढला. संस्थेच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "आपण आयांच्या रजेसाठी भांडतो, आणि त्यांची मुलं सांभाळणारीला तीन तास मिळत नाहीत?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग या वेळी मुलांपाशी कोण थांबणार, असा प्रश्न निघाला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

पेपरच्या दिवशी मी नऊलाच स्कूटरवरून काटेवाडीत हजर. मावशी इस्त्रीच्या साडीत, हातात हॉलतिकीट आणि तोंडानं सूचना चालू. "म्याडम, दुपारी झोपवताना काय करायचं त्ये ऐका..."

"मावशी, मी हेच शिकवते. तुम्ही निघा."

"व्हय, पर धाकटा हाय न्हवं, त्यो..."

"निघा!"

निघाली बिचारी. गाडीवर बसताना नवऱ्याला मात्र माझ्यादेखत बजावलं, "म्याडमचा फोन आला तर लगीच मला आत निरोप द्या. मी उठून यीन." म्हणजे तिचं वर्ष माझ्या एका फोनवर टांगलेलं होतं.

बारापर्यंत माझं राज्य उत्तम चाललं. ठोकळे झाले, गाणी झाली. वरणभात भरवला, निम्मा पोटांत गेला, उरलेला माझ्या ओढणीवर. साडेबाराला मी पडदे ओढले, चटई अंथरली आणि हळू आवाजात अंगाई सुरू केली, अगदी फळ्यावरच्याप्रमाणे. दीड वर्षाच्या धाकट्यानं भोकाड पसरलं. त्याचं बघून दुसऱ्यानं. थोड्याच वेळात सहाच्या सहा जण "मावशी पायजे" म्हणून रडत होते. मी धाकट्याला उचललं, फिरवलं, पाणी पाजलं, खिडकीतून शेजारची शेळी दाखवली. शेळी बघून तो आणखी रडला.

शेजारची आजी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "अवं, तिला बलवून घ्या की! किती रडवायचं लेकरांना?"

एक वाजायला दहा मिनिटं होती. मी फोन हातात घेतला, नवऱ्याचा नंबर काढला. खरं सांगते, अंगठा बटणावर होता. मुलांची काळजी होतीच, पण त्याहून जास्त मला माझीच कीव येत होती.

तेवढ्यात चार वर्षांची, दोन शेंड्यांची एक पोरगी रडायची थांबली आणि माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "तू झोप ना."

"मी?"

"मावशी आधी झोपती. मग आमी तिला थापटतो."

सांभाळणारीनं मुलांआधी आडवं व्हायचं नाही, हे वाक्य मी दर वर्गात फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारते. मी फोन बाजूला ठेवला आणि चटईच्या मधोमध आडवी झाले. "डोळं मिट," हुकूम सुटला. मिटले. "आता घोर." घोरले. एक हात पाठीवर आला, एक डोक्यावर. कुणीतरी कुणाला तरी दटावलं, "गप, बाई दमली." धाकटा हुंदके देत रांगत आला, माझं नाक ओढून बघितलं आणि पोटावर थापट्या मारू लागला. किलकिल्या डोळ्यांनी मी बघत होते. थापट्या मंद झाल्या, मग एकेक करून थांबल्या. धाकटा माझ्या पोटावरच झोपला. सगळ्यांना झोपवून शेवटी त्या दोन शेंड्या माझ्या दंडावर टेकल्या.

अडीच वाजून गेल्यावर दार हळूच उघडलं. चपला हातात घेऊन मावशी उभी. मला त्या अवस्थेत बघून तिनं तोंडात पदर कोंबला आणि गदगदा हसली.

"ह्येच तर सांगत हुते," ती कुजबुजली.

"कळलं. पेपर?"

"समदा लिहिला. शेवटची घंटा झाली तवा उठले." निकाल पुढे लागला, काठावर का होईना पास झाली. पण त्या दुपारी तिला निकालाचं काही पडलेलं नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, "म्याडम, तीन तास मला कुणी हाक मारली न्हाय. लगीन झाल्यापासनं पयल्यांदाच." हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आलं, पण पोटावरचं मूल उठेल म्हणून नीट रडताही येईना.

दोन शेंड्यांची तेवढ्यात चुळबुळली. डोळे न उघडताच म्हणाली, "मावशे, पाणी."

मावशी सवयीनं उठायलाच लागली. मी धाकट्याला अलगद चटईवर सरकवलं. "बसा," मी म्हटलं. "तुमचा पेपर आज पाच वाजेपर्यंत आहे." आणि पाणी आणायला मी उठले.