खिंडीअलीकडची दाभणकाकू

लग्न होऊन ती या वस्तीत उतरली, तेव्हा वाऱ्याने पहिल्याच पावलाला तिच्या डोक्यावरचा रुमाल उचलला आणि समोर उभ्या असलेल्या ट्रकच्या टपावर नेऊन टाकला. जमलेली माणसं हसली, ती मात्र रडकुंडीला आली. नवरा टपावर चढून रुमाल घेऊन आला आणि तिला म्हणाला की हा वारा घरचाच आहे, त्याचं मनावर घ्यायचं नाही. पण तिने घेतलं. पहिलं वर्षभर ती वाऱ्यावर रुसून होती. दार लावलं की ते धाडकन उघडायचं, उघडं ठेवलं की धाडकन लागायचं. वाळत घातलेले कपडे शेजाऱ्यांच्या कुंपणावरून गोळा करून आणताना तिला वाटायचं, कुठल्या जन्माचं पाप म्हणून आपण इथे येऊन पडलो?

वाऱ्याचाही नाइलाज होता म्हणा. डोंगरांची ती रांग एखाद्या भिंतीसारखी आडवी पसरली होती, नजर पोचेल तिथवर अखंड. एवढ्या लांब भिंतीला दार एकच, ते म्हणजे ही खिंड. दोन मुलखांमधला वारासुद्धा तिथूनच ये-जा करायचा, आणि दार अरुंद असल्याने आत शिरताना अंगात आल्यासारखा करायचा. म्हणून खिंडीच्या तोंडाशी प्रत्येक गाडी थांबायची. दोर न आवळता, ताडपत्री न तपासता पुढे जाणं म्हणजे मालावर पाणी सोडणं. या थांबण्यातूनच वस्ती उभी राहिली होती. चहाच्या टपऱ्या, टायरवाला, वजनकाटा, आणि वजनकाट्याला लागून तिच्या सासऱ्यांचं ताडपत्री शिवायचं दुकान.

सासऱ्यांचे वाडवडील खेचरांची खोगिरं शिवायचे. मग बैलगाड्या आल्या, तशी त्यांनी गाड्यांची छतं शिवली. सासऱ्यांनी स्वतः उमेदीत ट्रकच्या ताडपत्र्या धरल्या. ते म्हणायचे, "वाहनं बदलतात, सूनबाई. वाट बदलत नाही." रेल्वेचे साहेब म्हणे त्यांच्या आजोबांच्या काळात दुर्बिणी घेऊन डोंगरभर हिंडले, दुसरी जागा शोधून शोधून थकले, आणि शेवटी नाक मुठीत धरून याच खिंडीत आले. ही गोष्ट सासरे अशा थाटात सांगत, जणू साहेबांनी आधी त्यांनाच विचारलं असतं तर सरकारचा खर्च वाचला असता.

सासऱ्यांना मोतीबिंदू झाला आणि दाभणात दोरा ओवणं जमेना. नवरा बाहेर दोर आवळायच्या कामावर, एक ड्रायव्हर घाईने हॉर्न वाजवत उभा. तिने दोरा ओवून दिला. मग तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, द्या इकडे, मी बघते. तिने घातलेली शिवण वाकडी गेली. सासऱ्यांनी बोटं फिरवून पाहिली आणि उसवली. पुढची उसवली, त्याच्या पुढचीही उसवली. कितीतरी दिवस हेच चाललं, आणि एके दिवशी त्यांनी बोटं फिरवून ताडपत्री तशीच ड्रायव्हरच्या हाती दिली. त्या घरात कौतुक म्हणायचं ते एवढंच. पण त्या दिवशी ती वाऱ्यावरचा राग विसरली, हे तिच्या पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं.

पुढे सासरे गेले, मुलगी झाली, मोठी झाली. ड्रायव्हर लोकांनी तिचं नाव दाभणकाकू करून टाकलं आणि खरं नाव फक्त वीजबिलावर उरलं. ती शिवायची, नवरा आवळायचा. त्याचा स्वभाव लोण्यासारखा, पण त्याने मारलेली गाठ मात्र लोखंडी, आणि ती गाठ त्याला काकूनेच शिकवलेली.

भांडण सुरू झालं ते या गाठीवरून. एकदा पलीकडून परत आलेल्या गाडीची ताडपत्री तिने उघडली, तर तिच्या ठिगळावरून कुणीतरी निळ्या नायलॉनच्या दोऱ्याने दुसरी शिवण घातलेली, आणि दोर सोडवायच्या ऐवजी सरळ सुरीने कापलेला. चांगला, नवा दोर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीचा ड्रायव्हर मोठा बोलका, सगळे त्याला रेडिओ म्हणायचे. त्याने माहिती पुरवली की खिंडीच्या पलीकडच्या तोंडावरही एक बाई हेच काम करते, आणि ती म्हणाली, "अलीकडची गाठ मारते की वैर धरते?"

काकूने उलट निरोप धाडला की ज्याला गाठ सोडवता येत नाही, त्याने सुरी हातात धरू नये. मग तिकडून काहीतरी आलं, इकडून काहीतरी गेलं. वर्षं लोटली तरी हे थांबेना. प्रत्येक परतलेल्या गाडीचा दोर तपासल्याशिवाय काकूला घास गोड लागायचा नाही, आणि आज काय निरोप आला हे ऐकायला टपऱ्यांवरची माणसं चहा लांबवायची.

एवढं असून ती पलीकडे कधी गेली नव्हती. माहेर अलीकडे, बाजार अलीकडे, दवाखाना अलीकडे. जगाचा माल तिच्या हाताखालून खिंडीपार जायचा, पण तिचं स्वतःचं तिकडे काय ठेवलं होतं? वस्तीतल्या बहुतेकांचं असंच होतं.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नाही. पलीकडची बाई ताडपत्रीच्या कोपऱ्याला दुहेरी घडी घालायची, त्यामुळे पाणी आत शिरत नसे. काकूने ती घडी उसवून पाहिली, समजून घेतली आणि गुपचूप उचलली. नवऱ्याने हे पाहिलं. पण संसारात कुठे डोळे मिटायचे हे त्याला बरोबर कळत होतं.

मग एका वर्षी पावसाने ताळ सोडला. खिंडीतल्या सगळ्यात अरुंद जागी कडा खाली आला. माणूस कुणी त्याखाली आलं नाही, हे नशीब. पण रस्ता आणि रेल्वे दोन्ही एकदम बंद पडले. गाड्यांची रांग पेट्रोल पंपाच्या मागे पार वळणापर्यंत गेली. काही ड्रायव्हरांनी डोंगराला वळसा घालायचं ठरवलं. काही चिखलात रुतले, बाकीचे तोंड पाडून परत आले. एरवी ज्या खिंडीकडे कुणी मान वर करून पाहत नसे, तिच्याकडे आता सगळे दिवसभर तोंड करून बसले.

अशात वीजखात्याचा लाइनमन तारा तपासत दरडीवरून चालत अलीकडे आला. कमरेपर्यंत भिजलेला. तो आडपडदा न ठेवता बोलणारा माणूस, त्याने निरोप होता तसा सांगितला. पलीकडे बियाण्याच्या धान्याने भरलेल्या गाड्या अडकल्यात, वाऱ्याने ताडपत्र्यांच्या चिंध्या केल्यात, आणि तिथली शिवणारी बाई घसरून पडल्याने तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तिने विचारलंय, अलीकडची बाई येईल का?

काकूने घरात जाऊन गॅस बंद केला, दाभणं, भोकं पाडायची आर, मेणाचा गोळा आणि सुतळीची गुंडाळी पिशवीत भरली.

"मी जाते," ती म्हणाली.

"मग मीही येतो," नवरा म्हणाला. "गाठी कोण मारणार?"

लाइनमन पुढे, मागे ती दोघं. इतकी वर्षं खिंडीच्या दारात बसलेली ती पहिल्यांदाच आत शिरत होती. दोन्ही बाजूंचे कडे इतके जवळ आले की सगळ्यांनाच अंग चोरून जावं लागत होतं. रस्ता, त्याला खेटून रूळ, डोक्यावर विजेच्या तारा, पायाशी पाण्याची जाड नळी, आणि सगळ्यांत खाली ओढा. लाइनमन म्हणाला की इथे पहिला वाटसरू हा ओढाच, बाकीचे सगळे त्याच्या मागून आले. ओढ्याच्या कडेने जुनी दगडी वाट होती. तिच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी कोरलेल्या दोन खाचा होत्या, अंतर मोजून आखाव्यात तशा समांतर. काकू वाकली आणि तिने एका खाचेत तळवा ठेवला. पाणी साचलं होतं, गार होतं. किती छतं, किती गाठी इथून हेलकावे खात गेल्या असतील, असं तिच्या मनात आलं, आणि सासऱ्यांची फार आठवण झाली. ते असते तर म्हणाले असते, मी सांगत नव्हतो?

दरड चढताना नवरा धापा टाकू लागला. तिने त्याच्याकडची पिशवी काढून घेतली. तो नको नको म्हणाला, पण सोडली लगेच.

पलीकडच्या बाईचं चित्र तिने मनात कधीच रंगवून ठेवलं होतं: उंच, किडकिडीत, टोकदार नाकाची. प्रत्यक्षात दुकानाच्या पायरीवर एक बुटकी, गुबगुबीत बाई बसली होती. हात गळ्यात अडकवलेला, चष्म्याची दांडी निळ्या दोऱ्याने बांधलेली. दोघींनी एकमेकींना खालपासून वरपर्यंत पाहून घेतलं.

"गाठवाली तूच का?" पलीकडचीने विचारलं.

"आणि सुरीवाली तू?"

"काय करू, बाई? तू बांधतेस तेव्हा ती गाठ असते. मग खिंडभर वारा तिला आवळतो. इथे येईपर्यंत तिचा दगड होतो. नखं मोडली, दात लावून पाहिले. मग घेतली सुरी."

काकूला हे कधी सुचलंच नव्हतं. गाठ सुटायची कशी, हा प्रश्न तिच्या बाजूला कधी आलाच नव्हता. मग बोलता बोलता निरोपांची झडती झाली. पलीकडची वैराबद्दल कधी बोललीच नव्हती. ती एवढंच म्हणाली होती की किती घट्ट गाठ मारते ही. आणि काकूच्या नावावर तिच्याकडे जे जे पोचलं होतं, ते ऐकून काकूने कानांवर हात ठेवले. दोघींनी एकदमच मान वळवली. रेडिओ तिथेच अडकला होता, आपल्या गाडीच्या सावलीत भाकर खात. त्याला अचानक मागच्या टायरची हवा तपासायची आठवण झाली.

मग त्या कामाला लागल्या. काकू शिवायची, पलीकडची डाव्या हाताने आणि गुडघ्यांनी कापड ताणून धरायची. नवरा एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चढत होता. काही पोत्यांना मोड आलेच, पण बाकीचं धान्य वाचलं. कोपरा आला तेव्हा काकूने दुहेरी घडी घातली, आणि तिचा हात जरा थांबला.

"ही घडी मी तुझी चोरली," ती म्हणाली.

"माहीत आहे. तुझ्या ताडपत्र्या इकडेच येतात ना."

एवढंच बोलून पलीकडची पुढचा कोपरा ताणायला लागली. काकूला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग इतकं मोकळं वाटलं की ती दिवस मावळेपर्यंत शिवत राहिली तरी थकली नाही.

रस्ता मोकळा होईपर्यंत ती दोघं पलीकडचीकडेच राहिली. त्या मुक्कामात नवऱ्याने ओढली की सुटेल अशी सरकफास गाठ बसवली. वारा तिला कितीही आवळो, एक टोक खेचलं की मोकळी. त्यानंतर कुणी सुरीने दोर कापला नाही. परत येताना रेडिओने त्यांना आपल्या गाडीत बसवलं आणि सबंध वाटेत त्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडलं, असं नवरा अजून सांगतो.

आता दुकान मुलगी चालवते, विजेच्या मशीनवर. खिंडीखालून बोगदा काढणार म्हणून मोजणीवाले खुणा करून गेलेत. बोगद्यात वारा नसेल, मग गाड्या कशाला थांबतील, या काळजीने टपरीवाले एकमेकांना धरून बसतात. मुलीने दुकानांच्या कापडी छपऱ्या आणि तंबू शिवायला कधीच सुरुवात केली आहे. काकूला विचारलं तर ती म्हणते की बोगदा झाला तर पलीकडे लवकर पोचता येईल.

गेल्या हिवाळ्यात दोघी मैत्रिणी बसने पलीकडच्या मोठ्या शहरात जाऊन आल्या, नवऱ्यांना घरी ठेवून. भरपूर हिंडल्या, काकूने पायाला न बोचणारे बूट घेतले, आणि दुसरीने बघता बघता तसेच घेतले. परतीच्या बसमध्ये पलीकडची तिच्या थांब्यावर उतरली. काकू खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली, आणि खिंड कधी आली नि कधी गेली, हे तिला कळलंही नाही. कंडक्टरने हलवून उठवलं, तेव्हा बस वजनकाट्यासमोर उभी होती आणि नवरा खाली पिशव्या घ्यायला आला होता.