डाव्या खांद्यावरच्या मुंग्या

चिटगुप्प्याला कचेरीबाहेरच्या लिंबाखाली मी अर्जनवीस म्हणून बसायचो. निजामाचं राज्य, कारभार सगळा उर्दूत. लोकांचं मराठी-कानडी रडणं उर्दूत उतरवायचं, हा माझा धंदा. माझा अर्ज वाचून निवाडा देणाऱ्या मुन्सफाच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि चपराशी तर दोन दिवस जेवायचा नाही. साक्षीदार पढवण्यात बिदरपासून गुलबर्ग्यापर्यंत माझा हात धरणारा कुणी नव्हता. मी पढवलेला एक मुका माणूस फडाफडा साक्ष देऊन घरी गेला होता. अशा माणसाला कुणी विचारलं, देव आहे का, तर तो काय म्हणणार? सबूत आणा!

ते सबूत माझी माय दर सोमवारी गोळा करायची.

माझा थोरला भाऊ, अण्णा, एका कोरड्या साली मेंढरं घेऊन भीमेकडं गेला, तो परत आलाच नाही. मेंढरं नाहीत, कुत्रंही नाही. तेव्हापासून माय शिवेवरच्या बिरोबाला कौल लावू लागली. कण्हेरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायच्या नि विचारायचं, "माझं लेकरू जितं हाय का?" उजवी आधी गळली तर हाय, डावी गळली तर न्हाई. तिचे हात कापायचे, म्हणून पाकळ्या लावायचो मी.

पहिल्याच सोमवारी डावी पाकळी सुटायला लागली. मायचं तोंड बघवेना. मी असा शिंकलो, की दोन्ही पाकळ्या उडाल्या, कळसावरचे पारवे उडाले, आणि लांब जनवाडा गावात म्हणे एकाचा पटका उडाला.

पुढच्या सोमवारपासून डाव्या पाकळीला मी गुपचूप गुळाचं पाणी लावू लागलो. ती घोरपडीसारखी चिकटून राही, उजवी वाळून टपकन खाली. माय हात जोडायची, घरी येऊन अण्णाची घोंगडी उन्हात टाकायची. आला की कुबट वास यायला नको म्हणून.

म्हणजे मी देवालाच पढवलं होतं. अशी सात वर्षं गेली.

एका सोमवारी माय पदरानं देवाचा डावा खांदा पुसत होती. ती नेहमीच पुसायची. मला वाटायचं, धूळ असेल. त्या दिवशी मागं न बघताच म्हणाली, "बाबा, गूळ जरा कमी लाव. मुंग्या देवाच्या कानात जायलेत."

मी विचारलं, "तुला ठावं व्हतं? मग कामून येतीस, माय?"

"मी देवाला कुठं विचारायलेय? तुला विचारायलेय. गूळ हाय, तवर तुलाबी अण्णा येईल असं वाटतंय. ज्या दिशी मुंग्या दिसायच्या न्हाईत, त्या दिशी मी घोंगडी घडी करून ठेवीन."

मी गूळ लावतच राहिलो. मात्र आता कशासाठी, ते मलाही सांगता यायचं नाही.

माय गेली. त्यानंतरच्या सोमवारी मी एकटाच बिरोबाला गेलो. गूळ नेला नाही. दोन्ही पाकळ्या एकाच तांब्यात बुडवल्या, एकाच बोटानं दाबल्या, आणि पहिल्यांदा माझ्या तोंडानं विचारलं. इतका वेळ बसलो, की अंगावर वारूळ चढायचं बाकी राहिलं.

उजवी पडली.

पुन्हा लावल्या. पुन्हा उजवी.

नाचायला हवं होतं. पण पढवलेला साक्षीदार पुढं कधी खरं बोललाच, तर त्याचं कोण ऐकतं? कचेरीत अशा कितीजणांना मीच हसत आलो होतो. इतकी वर्षं देवाच्या तोंडात मी माझे शब्द कोंबले. आता तो स्वतःचं बोलला, तर ओळखायचं कसं? मी देवाच्या डाव्या खांद्यावरून बोट फिरवलं. कोरडा, स्वच्छ. एक मुंगी नाही.

घरी आलो. घोंगडी काढली, दोनदा झटकली आणि उन्हात टाकली.