सुधाताईंचा पाण्याचा घोट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ तर नेहमीच चुकतं. चौथीनंतर पेन धरलं ते किराण्याची यादी करायलाच. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण सुधाताईंबद्दल लिहायचंच आहे.

इकडे हिंदी मुलखात, आमच्या गावच्या सीपरी बाजारातल्या इंग्रजीच्या क्लासमध्ये त्या शिकवायच्या. आधी थोडं समजावून सांगत, मग कुणाला तरी प्रश्न विचारत आणि लगेच पाण्याचा घोट घेऊन तो तोंडातच धरून बसत. समोरचा बोलेपर्यंत गिळायच्या नाहीत. "मी जन्माची बडबडी, वहिनी," त्या मला म्हणायच्या, "तोंड मोकळं राहिलं तर तुमचं उत्तरही मीच देऊन टाकीन."

मला त्या घोटाची धास्ती वाटायची. क्लासात माझं नाव नवऱ्याने हौसेने घातलं होतं. पण चारचौघांत माझी हिंदीसुद्धा अडकते. गाल फुगवून ताई बघत राहत आणि मला घाम फुटे.

काही मुलांच्या वडिलांनी तक्रार केली. "मैडम तो बोलती ही नहीं, फ़ीस किस बात की?" क्लासचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, ते चिडले. "कल मैं पीछे बैठूँगा. पूरा घंटा आप बोलेंगी, वरना छुट्टी." ताईंचं घर त्या पगारावरच चालायचं.

दुसऱ्या दिवशी भैयाजी मागच्या बाकावर येऊन बसले. ताईंनी नेहमीसारखं थोडं समजावलं. मग मला विचारलं, काल घरी काय झालं? आणि घोट घेतला.

पंखा घरघरत होता. भैयाजी खाकरले. "मैडम, कुछ बोलिए."

ताईंचे गाल तसेच. हात मात्र टेबलाची कड घट्ट धरून होता. मी कशीबशी उभी राहिले.

"हजबंड मेक टी," मी म्हटलं. "व्हेरी बॅड टी. आय ड्रिंक फुल."

ताईंनी घोट गिळला. "व्हाय फुल?"

"ही स्टँड. ही लुक मी."

वर्ग खो-खो हसला. भैयाजी हसले नाहीत. "बोलीं तो ये. आपने क्या पढ़ाया?"

ताईंची नोकरी त्याच दिवशी गेली. तक्रार करणाऱ्यांची फी परत करायचंही भैयाजींनी ताईंच्याच माथी मारलं.

आता ताई घरीच शिकवतात, मी जाते. ती फी त्या थोडी थोडी करून परत करत होत्या. परवा राहिलेले शेवटचे गृहस्थ पैसे घ्यायला आले.

"अब तो बोलने लगी होंगी, मैडम?" त्यांनी टोमणा मारला.

"आप बोलिए, हम सुन रहे हैं," ताई म्हणाल्या.

त्यांनी नोटा मोजल्या. पुन्हा मोजल्या.

"पूरे हैं," शेवटी त्यांनाच बोलावं लागलं.