दुपारचा थेंब

रफू करणाऱ्या आत्याचा उपवास म्हणजे काम चोख. महिनाभर, दिवस मावळेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. आणि दिवसभर खिडकीशी बसून लोकांच्या कोटांची भोकं अशी बुजवायची की मालकालाही सापडू नयेत. सारी गल्ली तिला आत्या म्हणायची, ती प्रेमाने कमी आणि धाकाने जास्त.

यंदा उपवास चालू असतानाच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि त्यांचा चेहरा उतरला. आत्याला काचबिंदू होता. औषधाने आवरलेला डोळ्यातला दाब पुन्हा चढला होता, आणि या रोगात गेलेली नजर परत येत नाही. नजर गेली तर सुई गेली, आणि सुई गेल्यावर आत्यात उरतंय काय!

सुनेने तिथेच उपवास सोडण्याचा घोषा लावला. डॉक्टरीणबाईंनी मात्र औषध नेमाने चाललंय ना, एवढंच विचारलं. आत्याने आधी छताकडे बघितलं, मग कबूल केलं. दुपारचा थेंब ती घालतच नव्हती. थेंब घातला की घशात कडू उतरायचं, आणि घशात उतरलं की उपवास मोडला, असा तिचा सरळ हिशेब. वर संध्याकाळी तांब्याभर पाणी घटाघटा एका दमात. त्यानेही काही वेळ दाब चढतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

"उपवास करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण थेंब चुकवू नका. घातला की डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. मग घशात फारसं उतरत नाही. पाणी घोटघोट, सावकाश. आठवड्याने परत या."

घरी थोरली जाऊ वाटच बघत होती. उपवासाच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे गल्लीत काळ्या दगडावरची रेघ. थेंब तो थेंब, डोळ्यातून गेला काय नि तोंडातून गेला काय, असं तिने चारचौघींत सुनावलं. आत्याने भर दुपारी, तिच्यासमोरच थेंब घातला आणि कोपरा दाबून धरला.

"जाऊबाई, उपाशी पोट ठेवायचंय. डोळे नाहीत."

आठवडाभर जाऊ तिच्याशी बोलली नाही.

आठवड्याने दाब उतरला होता, चांगला उतरला होता, आणि उपवास एकही मोडला नव्हता. आत्याला आनंद मावेना. गल्लीतून ती अशी आली की जणू निवडणूकच जिंकली. दिसेल त्याला थांबवून दाब सांगितला, अगदी भाजीवाल्यालासुद्धा.

दारात जाऊ उभी होती. आत्याने टोमणा जिभेवर तयारच ठेवला होता. पण जाऊने आजूबाजूला पाहिलं, पदराआडून औषधाची इवलीशी बाटली काढली आणि हळूच म्हणाली, "माझा थेंब उपवासाच्या पहिल्या दिवसापासून राहिलाय गं. तो कोपरा नेमका कुठे धरायचा?"

आत्याने टोमणा गिळला, जाऊला खिडकीशी बसवलं आणि स्वतःच्या बोटाने तिचा कोपरा दाबून धरला.